रक्त काढल्याची तारीख

"पोर थडग्यावरचे खडे चोखते, अंगात लोह कमी असेल, तिचं रक्त बघून घे," असं शेजारची म्हातारी लोसालिने नाताळात म्हणाली होती. पिसिलाने ते हसण्यावारी नेलं. आजोबांच्या थडग्यावर प्रथेप्रमाणे पसरलेले ते काळे खडे. नातीला आजोबांचा लळा, दुसरं काय?

आता ईस्टरही उलटला होता. दोन वर्षांची लुपे अंगणातून दारापर्यंत आली तरी दमून कडेवर घे म्हणायची. आणि पिसिलाच्या हातात दवाखान्याचा कागद होता : लोहाचा साठा पुरेसा.

कागद देणारी नर्स कालोलाइने ही लुपेची आत्या. टोंगा बेटांवर आत्येपुढे बापाचीही मान खाली असते, मग भावजयीची काय कथा. लुपेचं नावसुद्धा तिनंच ठेवलेलं. बोटातलं रक्त ठीक आहे, दंडातून काढून राजधानीला, नुकुआलोफाला पाठवलेलंही ठीक आहे, आता कॉलेज शिकलीस म्हणून मशीनलाही शिकवणार का, असं ती चारचौघींत म्हणाली. पिसिलाचा नवरा आपल्या पायाची बोटं बघत राहिला.

रीतीप्रमाणे पिसिला नणंदेसमोर खाली बसली. मानासाठी कमरेला गुंडाळलेली चटई सारखी केली, लेकीला मांडीत घेतलं. फक्त ती बसली रक्त काढायच्या खोलीच्या उंबऱ्यात. मागची रांग अडली.

"वाट सोड."

"सोडते, वन्सं. आधी कागदावरची तारीख वाचा."

तारीख गळवांच्या आठवड्यातली होती. तेव्हा लुपेचे दोन्ही पाय पिकले होते, अंग तापानं भाजत होतं. अंगात असा दाह असला की साठ्याचा आकडा फुगतो, रिकामी कणगीही भरलेली दिसते, हे पिसिलाने नजर न उचलता सांगितलं. रक्त पुन्हा काढायला हवं, सोबत दाहाची तपासणीही. आणि बोटातलं रक्त तर साठा आटला तरी बरेच दिवस ठीकच दिसतं.

"बावीस वर्षं सुया टोचतेय मी. तू मला शिकवणार?"

"शिकवत नाही, वन्सं. बसलेय."

रांगेत कुणीतरी हसू खोकल्यात लपवलं.

कालोलाइनेनं कागद हात लांब करून धरला. तारीख वाचली. मग तिनं खोक्यातून दोन नळ्या काढल्या, एक साठ्याची, एक दाहाची.

सुई टोचली तरी लुपे रडली नाही. पिसिलाला त्याचीच जास्त धास्ती वाटली. कापूस दाबताना पोरीची मूठ सैल झाली आणि थुंकीनं ओला एक काळा खडा फरशीवर घरंगळला.

तेव्हा कुठे पिसिला उठली. लेकीला कडेवर घेऊन दोन पावलं गेली आणि वळली.

"त्या आठवड्यात रक्त काढलंत त्या सगळ्याच पोरांना गळवं होती, वन्सं. सगळ्यात आधी तुमच्या नातीचं रक्त पुन्हा बघा. ती आणि लुपे, खडे दोघी मिळून वेचतात."