गुलाबी न झालेला ठोकळा

ठोकळा गुलाबी झाला नाही.

अफरीनने पुन्हा फवारा मारला. फुटलेल्या सिमेंटवरून थेंब ओघळले, पण रंग करडा तो करडाच. रसायनीच्या त्या प्रयोगशाळेत एक दंडक होता. तेलविहिरीचं सिमेंट आम्लवायूच्या टाकीत घालायचं, मग काढून फोडायचं आणि आत तपासणीचं रसायन फवारायचं. गुलाबी झालं तर सिमेंट शाबूत, म्हणजे सगळ्यांना वडे. करडं राहिलं तर वायूने खाल्लं, आणि ज्याचं सिमेंट त्याने मान खाली घालायची.

अफरीनची मान आपोआप खाली गेली. विहिरीच्या नळाभोवतीचं सिमेंट वायूने पोखरलं की विषारी वायू वाट काढून वर येतो. त्याला पुरून उरेल असं मिश्रण करायला तिने जिवाचं रान केलं होतं. आज नापास झालं तर काम कायमचं बंद, असं वरून आधीच बजावलं होतं.

"काय गं हे?" प्रयोगशाळेचे प्रमुख जगदीश सर म्हणाले. सर मनाने चांगले, पण जीभ तिखट. "एवढा गाजावाजा केलास, अन् आरपार खाल्लंय की. आटप आता."

तिला रडू कोसळणारच होतं. टाकून द्यायला तिने तुकडा उचलला, तर त्याची कड तळव्यात रुतली. ती थबकली. वायूने खाल्लेलं सिमेंट बोटांत भुगा होतं, रुततं कुठलं?

"वनिता, टाकीत न घातलेला ठोकळा आण गं."

मदतनीस वनिताने तो आणला. अफरीनने तो फोडला आणि फवारला. तोही करडाच.

"सर, ह्याला तर वायू लागलासुद्धा नाय," अफरीन म्हणाली.

फवारा शोधतो चुना, तो सापडला तरच गुलाबी होतो; आणि या मिश्रणातून चुना तर अफरीननेच हद्दपार केला होता. आपण केलेलं आपणच विसरलो! सवय लागली की शहाण्याचीही अक्कल गहाण पडते.

टाकीतून निघालेला दुसरा ठोकळा वनिताने दाबयंत्रात ठेवला. काटा चढू लागला. नेहमीचं सिमेंट जिथे मोडतं ती खूण मागे पडली. काटा चढतच राहिला. सर खुर्चीतून उठून यंत्राला जवळजवळ नाक लावून उभे राहिले.

"मोडत नाय, सर," वनिता म्हणाली.

अफरीनचा आनंद गगनात मावेना. सरांनी मात्र एकवार यंत्राकडे पाहिलं, एकवार फवाऱ्याकडे.

"मग इतकी वर्षं आपण गुलाबी बघून खूश व्हायचो, ते काय होतं गं?"

"चुना, सर. वायूचं जेवण. आपणच त्याला वाढत होतो, आणि पानात अजून उरलंय म्हणून खूश होत होतो."