मूळचं निकेल

"जरा उजेडात बघू," म्हणत गुप्त्यांनी रिव्हॉल्व्हर खिडकीशी नेलं आणि डोळ्याला भिंग लावलं. चहाचा ट्रे हातात घेऊन कुंदा दारातच थबकली.

चंद्रप्रकाश गुप्ते पोलीस खात्यात तीस वर्षं शस्त्रं दुरुस्त करून निवृत्त झाले होते. जुन्या हत्याराची त्यांच्यासारखी पारख वांद्र्यापासून मुलुंडपर्यंत कुणाला नाही, असं भाऊ, म्हणजे कुंदाचे सासरे, सगळ्यांना सांगत. भाऊंच्या आजोबांना कोकणातल्या एका संस्थानिकाने हे रिव्हॉल्व्हर बक्षीस दिलं होतं. त्यावरचा निकेलचा मुलामा मूळचाच आहे की मागाहून चढवलेला, एवढंच गुप्त्यांनी सांगायचं होतं.

याला कारण भाऊंचा चुलतभाऊ बाळ. तो दर दसऱ्याला चेंबूरहून जेवायला यायचा आणि शस्त्रपूजेच्या पाटाकडे बघून म्हणायचा, "भाऊ, तुझं हे रिव्हॉल्व्हर सायकलच्या हँडलसारखं चमकतं रे!"

भाऊंनी ते पंचवीस वर्षं ऐकून घेतलं. यंदा मात्र ताट बाजूला सारलं. "गुप्त्यांनाच बोलावतो. मुलामा नंतरचा निघाला तर रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा करीन आणि तुझ्यासमोर कान धरीन. आणि ज्याने कुणी त्याला हात लावला असेल, त्याला या घरात थारा नाही!"

त्या दिवशी कुंदाला घाबरायचं काही कारण नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी आलं.

लग्नानंतरचा तिचा तो पहिलाच दसरा. सासूबाईंनी पूजेची सगळी भांडी मोरीत मांडली. समया, ताम्हण, निरांजन आणि हळदकुंकवाने माखलेलं ते रिकामं रिव्हॉल्व्हर.

"सगळं चिंचेने घासून काढ गं. चांगलं खसखसून."

कुंदा रसायनशास्त्रातली एम.एस्सी. अंधेरीच्या एका मुलाम्याच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळायची. मुलगी बघायला आल्या तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे रत्नप्रभाबाईंनी, स्वयंपाकाचं, गाण्याचं काही विचारलं नव्हतं. कारखान्यात तू नेमकं काय करतेस, हेच खोदून खोदून विचारलं होतं. शिकलेल्या सुनेची कदर करणारी सासू मिळाली म्हणून कुंदा तेव्हाच हरखली होती.

जुन्या निकेलला आंबट लावू नये, हे तिला कळत होतं. पण अशा सासूला पाच महिन्यांच्या सुनेने आम्लं काय शिकवायची? तिने घासलं. मुलामा कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून हातात आला.

सुदैवाने त्याच दुपारी सासूबाईंनी भाऊंना आठ दिवसांसाठी रत्नागिरीला त्यांच्या बहिणीकडे पिटाळलं. नवरा अनंत फिरतीवर होता. कुंदाने रिव्हॉल्व्हर सुटं केलं आणि रोज एकदोन भाग पोळ्यांच्या डब्यातून कारखान्यात नेले. नळीवरची अक्षरं बोथट झालेली दिसली. हाताळून झाली असतील, असं तिला वाटलं. चमक आणणारं रसायन तिने मुद्दाम घातलं नाही, म्हणजे जुन्या निकेलची पिवळसर झाक येते. आठव्या दिवशी रिव्हॉल्व्हर कपाटात जागच्या जागी होतं.

आणि आता गुप्ते भिंगातून बघत होते. त्यांना संशय आला तर चोर शोधायला लांब जावं लागणार नव्हतं. त्या घरात निकेल चढवू शकणारं माणूस एकच होतं.

"सूनबाई नोकरी करतात?" गुप्त्यांनी मान न वळवता विचारलं.

"हो. अंधेरीला."

"कसला कारखाना?"

"नळाच्या तोट्या," कुंदा म्हणाली. ते खोटं नव्हतं. कारखान्यात मुलाम्यासाठी तोट्याच जास्त यायच्या.

"अहो, चहा घ्या आधी, निवतोय," रत्नप्रभाबाई मध्येच म्हणाल्या.

गुप्त्यांनी चहाकडे पाहिलंही नाही. "भाऊ, अक्षरं बोथट आहेत."

"म्हणजे?" भाऊंचा आवाज चिरकला.

"म्हणजे कुणीतरी पॉलिशच्या चाकावर धरलंय..."

कुंदाने ट्रे खाली ठेवला.

"...किंवा शंभर वर्षं तुम्ही लोक ते पुसताय. थांबा." गुप्त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढून शेजारी धरला. "ही झाक बघा. पिवळसर. हल्लीचे कारागीर नुसता चमचमाट करतात, त्यांना हे सात जन्मांत जमायचं नाही. स्क्रूच्या खाचाही स्वच्छ. भाऊ, शंभर टक्के मूळचं! लिहून देतो."

"लिहूनच द्या! तीन प्रती!" भाऊ ओरडले.

गुप्त्यांनी लिहिलं, खाली २० नोव्हेंबर १९८३ अशी तारीख घातली आणि सही ठोकली. एक प्रत झेंड्यासारखी धरून भाऊ बाळला फोन करायला शेजारी धावले. पायात एक चप्पल त्यांची होती, एक गुप्त्यांची.

स्वयंपाकघरात कुंदाला राहवेना. खोटं शास्त्राच्या नावावर खपलं होतं, तेही तिच्याच हातचं.

"आई, मला काही सांगायचंय." आणि तिने सांगून टाकलं. चिंच, पापुद्रा, डबा, सगळं.

रत्नप्रभाबाई खोबरं किसत होत्या. हात थांबला नाही.

"माहीत आहे. त्या आठवड्यात तुझ्या डब्यात पोळ्या दोन कमी कोण भरत होतं?"

"पण आई, मूळचं निकेल माझ्या हातून गेलं."

"तुझ्या हातून कसलं जातंय? ते माझ्या पहिल्या दसऱ्यालाच गेलं. तेव्हाही चिंचच. मग घाटकोपरच्या एका सायकलवाल्याकडून चढवून आणलं. बाळभावोजींना तेवढं एक बरोबर दिसतं मेलं."

"म्हणजे मला चिंचेने घासायला तुम्ही मुद्दाम..."

"हळू बोल." त्यांनी किसलेलं खोबरं ताटलीत सारखं केलं. "अनंतला सात मुली सांगून आल्या होत्या गं. एक डॉक्टरीण होती, एकीच्या वडिलांचा दादरला स्वतःचा ब्लॉक होता. मी म्हटलं, छे, आपल्याला निकेलवालीच हवी."