तिच्यापाशी अडलेलं काम

ऑफिसातल्या कामांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या दुपारी नवी सोय आली. कोणाचं काम कोणापाशी अडलंय, ते लाल रेघेनं दिसायला लागलं. सगळे एकमेकांच्या रेघा बघून खिदळत होते.

ती टीम लीड होती; तिच्या नावापासून निघालेली रेघ मात्र सरळ स्क्रीनच्या खाली गेली होती.

"ताई, तुमच्याकडे काहीच अडलेलं नाही," टेस्टर डोकावून म्हणाला. त्याला ती रेघ दिसतच नव्हती.

तो गेल्यावर ती रेघेमागोमाग स्क्रीन सरकवत खाली खाली जात राहिली. टीमची कामं संपली, नुसती पांढरी जागा उरली, तरी रेघ चालूच. तळाशी एकच काम होतं: 'बाथरूमची कडी अडकते. सवड झाली की बघून जा, बाळा.'

बाबा फोनवर हेच म्हणाले होते. ती दर वेळी "पुढच्या रविवारी नक्की" म्हणत राहिली. शेवटी शेजाऱ्यांनी बाथरूमचं दार फोडलं, तेव्हा बाबा आत गार पडलेले होते.

तिनं ते काम 'झालं'मध्ये ढकललं. ते परत जागेवर आलं.

मागची मीटिंग रूम रिकामी होती. तरी त्या दाराची कडी आतून कोणीतरी हलवत होतं, अगदी हळू, लेकीच्या कामात व्यत्यय नको म्हणून.