ओबेडच्या घरची बातमी

आमचा कप्तान पेपर आधी स्वतः वाचतो, मग त्यात साबण गुंडाळतो, आणि उरलेल्या चिंध्या आमच्या अंगावर फेकतो. देवमासे मारायचे आम्ही आणि बातम्या गिळायच्या त्याने! म्हणून झांझिबारच्या बंदरात शेजारच्या जहाजावरून अमेरिकेतल्या आमच्या नँटकेट गावचा अख्खा पेपर मिळाला, तेव्हा आम्ही डेकवर नाचलोच. होता आठ महिन्यांचा शिळा, पण अख्खा.

एकाने मोठ्याने वाचायचं, पहिल्या ओळीपासून, आणि पुढचं कोणी चोरून बघायचं नाही, हा आमचा नियम. वाचणारा मी. ओबेडला मात्र दम निघत नव्हता. तीन वर्षांपूर्वी आम्ही निघालो तेव्हा त्याची बायको पोटुशी होती. पुढे काय झालं, त्याला अजून ठाऊक नव्हतं.

"जन्माच्या बातम्या आधी वाच की, गाढवा!"

"आधी जहाजं," मी म्हणालो. "'ग्लीनर' जहाज काल सुखरूप परत आले."

'ग्लीनर' म्हणजे आमचंच जहाज. सगळे खो खो हसले.

"पोचलो एकदाचे!" एझ्रा ओरडला. "मग इथे ही किडकी बिस्किटं कोण चावतंय?"

मी हसतच पुढे वाचलं, "खलाशी ओबेड स्वेन याने धक्क्यावरच आपल्या मुलाला प्रथम पाहिले, आणि त्याला खांद्यावर बसवून तो घरी गेला."

"मुलगा! मला मुलगा झाला!" ओबेडने टोपी उडवली. आम्ही त्याला उचललं, फिडल वाजू लागली.

नाचता नाचता ओबेड थांबला. चेहऱ्यावर हसू तसंच होतं.

"अरे," त्याने मला विचारलं, "माझ्या घरी कोण गेलंय?"