काढणारीचं नाव

"दात आहेत का गं त्याला, चावायला? घे जवळ, घे!"

धाकटा भाऊ झाला तेव्हा बंद दाराला कान लावून तिनं मावशीचा हा आवाज ऐकला होता. मावशी सुईण. ती हसली की निम्म्या कळा उतरतात, असं बाया म्हणत.

तोच आवाज मागच्या महिन्यात व्हिडिओ कंपनीच्या ऑफिसात हेडफोनमधून आला. तिच्या पडद्यावर चेहरे धूसर, नावं झाकलेली. तक्रार आलेला व्हिडिओ काढायचा की ठेवायचा, एवढंच तिचं काम. या व्हिडिओत ओली बाळंतीण मावशीकडून पाजायला शिकत होती. बाळ सुटलं, छाती उघडी पडली. शंका असेल तर वर विचारायची सोय होती. पण फार विचारणारीला तिथं कच्ची समजत. तिनं 'काढा' दाबलं. संध्याकाळी, जिथं मावशी असे व्हिडिओ टाकायची ते तिचं खातंच बंद झालं, आणि त्याच्यासोबत कुठल्या कुठल्या बायांनी विचारलेलं सगळं गेलं.

आज मावशी तिच्याकडे येऊन स्वयंपाकघरात फोन घेऊन बसली होती, चष्मा कपाळावर.

"हे बघ आपल्या व्हिडिओंचं नवं घर. दवाखान्यातल्या नर्सबाईनं स्वतःच्या कॉम्प्युटरवर थाटलंय. अशी छोटी घरं जागोजाग आहेत म्हणे, एकमेकांशी बोलणारी. सगळ्यांवर एक मालक नाही."

"आणि कुणी घाण टाकली तर?"

"म्हणून तर तुला राखणीला बसवतेय, बाई! तू त्यातली जाणती. नियम आम्हीच केलेत. काही काढलं की खाली कारण लिहायचं, आणि काढणारीचं नाव. तिकडं मेलं नुसतं 'आमची टीम'. टीमला तोंड असतं का? भांडू कुणाशी?"

तिनं हसून पाहिलं. जमलं नाही.

"ती व्हिडिओतली पोरगी स्वतः म्हणाली होती, टाका व्हिडिओ, माझ्यासारख्या अडलेल्या शिकतील." मावशीचा आवाज खाली आला. "आता पाजतच नाही. म्हणते, माझंच काहीतरी घाणेरडं असणार. तळतळाट होतो त्या काढणाऱ्याच्या नावानं... जाऊ दे. पोटासाठी करत असेल बिचारा."

मावशीनं फोन पुढं सरकवला. "हं, लिही तुझं नाव."

तिनं नाव लिहिलं. फोन पालथा ठेवला.

"बिचारा नव्हता, मावशी. मी होते. तुझा आवाज ओळखला, आणि तरी काढलं."