नव्या पायांचा अंक

दारावर थाप पडली आणि अँब्रोजच्या तोंडचं पाणी पळालं. ब्रुकलिनच्या त्या तळघरात ओळखीचं माणूस थाप मारत नसे, खिडकीच्या काचेवर टिचकी मारी. त्याच्या बायकोने, हेटीने, तपकिरी पाकिटं घाईघाईने शालीखाली लोटली. आत त्यांचं मासिक होतं. त्यातली सगळी चित्रं अँब्रोजने काढलेली : मुखवटा घातलेल्या बायका, करकचून आवळलेल्या कमरा, गुडघ्यापर्यंत फितींचे बूट, वीतभर टाचा. अंगभर कपडे असूनही टपालखात्याच्या लेखी ते अश्लील होतं आणि टपालाने पाठवणं गुन्हा होता.

"पोलीस असले तर आपण लोणची विकतो," हेटी पुटपुटली.

दारात एक घामाघूम गृहस्थ उभा होता. "ओहायोहून आलोय. बँकेत असतो. तुमचा जुना वर्गणीदार." त्याने कोटाच्या आतून ताजा अंक काढून मुखपृष्ठावर बोट ठेवलं. "ही कोण?"

"नवीन मुलगी आहे," अँब्रोज म्हणाला. "का? छान आहे की!"

"असेल हो. पण आमची ती कुठाय? पावलाची कमान जरा जास्तच उंच असलेली? इतकी वर्षं तीच असायची. बरी आहे ना ती?"

अँब्रोजने हेटीकडे पाहिलं. जिन्यावरून पडल्यापासून हेटीचा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता आणि ती नुसती पाकिटं चिकटवत बसायची. 'वाचकांना काय, कुणाचे का असेनात, पाय मिळाले म्हणजे झालं,' असं हसून म्हणायची आणि मग जुने अंक काढून चाळायची. तेच अँब्रोजला सोसत नव्हतं.

हेटी टेबलाला धरून उठली. डाव्या पायातली सपात निसटून पाऊल उघडं पडलं. पाहुण्याने पटकन हॅट काढली.

"बाई... तुम्हीच!"

"मीच. तोंड बघून निराशा झाली असेल, नाही?"

"तोंडाकडे अजून बघितलंच नाही मी," तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

हेटी इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. महिन्याभरात ती अशी हसली नव्हती. मग तिने प्लास्टरचा पाय उचलून धाडकन टेबलावर ठेवला.

"अरे, बघत काय बसलायस? काळी फीत आण. आणि पेन्सिल."

अँब्रोज गुडघ्यावर बसून पांढऱ्या प्लास्टरवर घोट्यापासून वर काळी फीत आडवीतिडवी आवळू लागला. ओहायोचा गृहस्थ हॅट छातीशी धरून हळूच खुर्चीत टेकला.

"साहेब," त्याने विचारलं, "हा अंक कधी निघेल?"