चढा भाव

परिचारिकांच्या पेन्शन फंडाचे अध्यक्ष आपल्या जावयाला चारचौघांत जुगारी म्हणत, कारण तो पगारातून वाचवून क्रिप्टो घ्यायचा. पण मोठमोठ्या संस्था क्रिप्टो फंडांत पैसा ओतू लागल्या, तसा अध्यक्षांचाही जीव खालीवर होऊ लागला. शेवटी एकीलाही न विचारता त्यांनी परिचारिकांच्या म्हातारपणाची पुंजी तिकडे वळवली आणि बैठकीत दूरदृष्टीवर भाषण ठोकलं. संध्याकाळी ते ऐटीत लेकीच्या घरी आले.

"जावईबापू, आमचा फंड बाजारात उतरला आणि तासाभरात भाव कुठल्या कुठे गेला! बघितलंत ना?"

"बघितलं ना, बाबा," जावई पाण्याचा ग्लास पुढे करत म्हणाला.

"तेव्हाच मी माझं सगळं क्रिप्टो विकून मोकळा झालो. असं गिऱ्हाईक पुन्हा थोडंच मिळतंय?"